विश्लेषण : लाल झगा, समोरची खुर्ची आणि कोर्टाचा निकाल, मरिना-उलायच्या व्हायरल व्हिडिओत न दिसणारी गोष्ट

हा व्हिडिओ तुमच्या फोनवर कधी ना कधी येऊन गेलाच असेल. मोठा पांढरा हॉल. लाल पायघोळ झगा घातलेली एक बाई खुर्चीवर मान खाली घालून, डोळे मिटून बसली आहे. समोर टेबल आणि टेबलापलीकडे एक खुर्ची. काळा सूट घातलेला, दाढी पांढरी झालेला एक माणूस येतो, कोट सारखा करतो आणि त्या खुर्चीवर बसतो. बाई डोळे उघडते. दोघं एकमेकांकडे बघत राहतात. तो हलकेच मान हलवतो. तिच्या डोळ्यांतून पाणी येतं. मग ती पुढे झुकते आणि टेबलावरून त्याचे हात हातात घेते. टाळ्या वाजतात, तो उठून जातो.

मागे पियानो वाजत असतो आणि खाली थोड्याफार फरकाने सारखाच मजकूर असतो. दोघं प्रेमात होते, चीनच्या भिंतीवर त्यांनी एकमेकांचा निरोप घेतला, त्यानंतर ते कधीच भेटले नाहीत आणि आता इतक्या वर्षांनी तो अचानक समोर आला. आमच्या ऑफिसच्या ग्रुपवरही हा व्हिडिओ दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी टाकतं.

रडणं खरं आहे, भिंतही खरी आहे. पण ‘त्यानंतर कधीच भेटले नाहीत’ हे खोटं आहे. आणि व्हिडिओ जिथे थांबतो तिथून पुढे पाच वर्षांनी याच माणसाने याच बाईला कोर्टात खेचलं, हे कुठल्याच रीलमध्ये नसतं. ही गोष्ट नीट पाहायची तर मागून सुरुवात करावी लागेल.

व्हिडिओ नेमका कशाचा आहे?

ठिकाण आहे न्यूयॉर्कचं म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट, म्हणजे ‘मोमा’. साल 2010, महिना मार्च. बाईचं नाव मरिना अब्रामोविच. तिच्या चाळीस वर्षांच्या कामाचं तिथे प्रदर्शन होतं आणि त्याचाच भाग म्हणून ती स्वतः रोज हॉलमध्ये बसणार होती. म्युझियम उघडल्यापासून बंद होईपर्यंत, न बोलता, न उठता. समोरच्या खुर्चीवर कुणीही येऊन हवा तितका वेळ बसावं. नियम एवढाच की बोलायचं नाही आणि स्पर्श करायचा नाही. 14 मार्च ते 31 मे असं हे चाललं. तिने मिळून 700 तासांहून जास्त वेळ बसून काढला आणि दीड हजारांहून अधिक लोक तिच्यासमोर बसून गेले.

समोर येऊन बसलेला तो माणूस म्हणजे उलाय. तो आला तो उद्घाटनाच्या संध्याकाळी, आणि तो त्या सोहळ्याचा निमंत्रित पाहुणा होता. तो आपल्यासमोर येऊन बसेल याची मात्र कल्पना नव्हती, असं मरिना सांगते. तिने स्वतःच घालून दिलेला स्पर्शाचा नियम पहिल्याच दिवशी स्वतः मोडला. त्यामुळे तो क्षण बनावट होता असं म्हणायला जागा नाही.

ही दोघं होती तरी कोण?

मरिनाचा जन्म 30 नोव्हेंबर 1946चा, बेलग्रेडचा. तेव्हाचा युगोस्लाव्हिया. आई-वडील दोघंही दुसऱ्या महायुद्धात नाझींविरुद्ध लढलेले पार्टिझन, पुढे कम्युनिस्ट राजवटीत मानाच्या जागांवर बसलेले. घरात लष्करी शिस्त. मुलगी 29 वर्षांची होईपर्यंत रात्री दहाच्या आत घरी हवी, असा आईचा दंडक. आणि ही मुलगी दिवसा काय करायची? 1974 साली इटलीतल्या नेपल्समध्ये तिने टेबलावर 72 वस्तू मांडल्या. त्यात गुलाब होता, मध होता, कात्री होती, पिस्तूल आणि एक गोळीही होती. सहा तास मी इथे उभी आहे, या वस्तू वापरून माझं काय हवं ते करा, असं तिने लोकांना सांगितलं. लोकांनी आधी फूल दिलं, मग कपडे फाडले, अंगावर ओरखडे काढले आणि शेवटी एकाने भरलेलं पिस्तूल तिच्याच हातात देऊन तिच्या मानेकडे वळवलं.

याला परफॉर्मन्स आर्ट म्हणतात. नाटकात रक्त खोटं असतं, इथे खरं असतं. कलाकाराचं शरीर हाच कॅनव्हास आणि जे घडेल ते काम. पटो न पटो, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही कलेची मोठी शाखा झाली आणि मरिना तिचा सगळ्यात ओळखीचा चेहरा.

उलायचं मूळ नाव फ्रँक उवे लायझिपेन. जन्म 30 नोव्हेंबर 1943चा, जर्मनीतल्या झोलिंगेनचा, ऐन युद्धातला. तो फोटोग्राफर होता, पोलरॉइड कॅमेऱ्यावर स्वतःचेच फोटो काढायचा. अर्धा चेहरा पुरुषाचा, अर्धा बाईच्या मेकअपचा. जर्मनी सोडून तो ॲमस्टरडॅमला येऊन राहिला होता. तोही साधा माणूस नव्हता. डिसेंबर 1976 मध्ये त्याने बर्लिनच्या म्युझियममधून श्पिट्सवेगचं ‘गरीब कवी’ हे जर्मनांचं लाडकं चित्र भिंतीवरून उचललं, पळत गाडी गाठली आणि एका तुर्की मजुराच्या घरात नेऊन टांगलं. मग म्युझियमच्या संचालकांना फोन करून सांगितलं, या आणि घेऊन जा. हाही त्याच्या लेखी परफॉर्मन्सच.

तारखा पाहिल्यात ना? दोघांचा वाढदिवस एकच. 1975 मध्ये मरिना कार्यक्रमासाठी ॲमस्टरडॅमला गेली, तिला घ्यायला उलाय आला होता. वाढदिवसाचा विषय निघाला. त्याने खिशातली डायरी काढून दाखवली, तर 30 नोव्हेंबरचं पान फाडलेलं. मरिनाही दरवर्षी आपल्या डायरीतलं तेच पान फाडायची. हा किस्सा तिने आपल्या आत्मचरित्रात लिहिला आहे. ती तेव्हा विवाहित होती. वर्षभरात तिने आईचं घर, नवरा आणि बेलग्रेड तिन्ही सोडलं.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. या दोघांबद्दलचं जे बरंचसं आपल्याला माहीत आहे ते मरिनाच्या पुस्तकातून आणि मुलाखतींमधून आलेलं आहे. उलायही बोलला, त्याच्यावरही पुस्तक निघालं, पण तितकं वाचलं गेलं नाही. हा फरक पुढे कामाला येणार आहे.

बारा वर्षं दोघांनी केलं काय?

एक जुनी सिट्रोएन व्हॅन घेतली, जी आधी फ्रेंच पोलिसांची होती. त्यात गादी टाकली, ‘अल्बा’ नावाची कुत्री घेतली आणि तीनेक वर्षं त्या व्हॅनमध्येच संसार केला. ठरवून. पक्कं घर नको, सतत फिरत राहायचं, आधी सराव करायचा नाही, शेवट ठरवायचा नाही, केलेलं काम पुन्हा करायचं नाही, असा त्यांचा लेखी जाहीरनामाच होता. पैसे नसायचे. सार्डिनियात पहाटे शेळ्या दोहायला जाऊन बदल्यात चीज-पाव घ्यायचा, हे मरिनाने नंतर मोठ्या प्रेमाने सांगितलं आहे.

कामं मात्र एकाहून एक वेडी. 1976च्या व्हेनिस बिएनालेत दोघं विवस्त्र होऊन दोन टोकांकडून चालत, मग धावत येऊन एकमेकांवर आदळत राहिले, 58 मिनिटं. 1977 मध्ये बोलोन्याच्या कलादालनाच्या अरुंद दारात दोघं विवस्त्र, समोरासमोर उभे राहिले. आत जायचं तर दोघांच्या मधून, आडवं होऊनच जावं लागायचं आणि तोंड कुणाकडे करायचं हे प्रेक्षकाने ठरवायचं. दीड तासाने पोलिसांनी ते बंद पाडलं. त्याच वर्षी पाठीला पाठ लावून, एकमेकांच्या केसांची गाठ मारून 17 तास बसले. त्याच वर्षी नाकपुड्यांत सिगारेटचे फिल्टर घालून, तोंडाला तोंड लावून एकमेकांनी सोडलेला श्वास घेत राहिले. 19 मिनिटांनी हवेत ऑक्सिजन उरला नाही तेव्हा थांबले.

पण मला स्वतःला जे काम सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते 1980चं, ‘रेस्ट एनर्जी’. व्हिडिओ शोधून जरूर बघा, चार मिनिटं दहा सेकंदांचाच आहे.

मरिनाच्या हातात धनुष्य. उलायच्या बोटांत प्रत्यंचा आणि बाण. बाणाचं टोक मरिनाच्या छातीवर. दोघंही मागे रेललेले, म्हणजे धनुष्य ताणलं गेलं आहे ते दोघांच्या वजनाने. छातीवर छोटे मायक्रोफोन लावलेले, त्यातून हृदयाचे ठोके ऐकू येतात आणि ते वाढत जातात. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला मेकॅनिक्सच्या पेपरात असलंच काहीतरी यायचं. दोन माणसं, एक दोरी, बलं समतोलात आहेत, आकृती काढा. इथे आकृती सोपी आहे. दोघांपैकी कुणीही सरळ उभं राहिलं तर ताण सुटेल. कुणाचा पाय घसरला, त्याच्या बोटांना घाम आला, तर बाण सुटेल. कागदावर आम्ही ‘फॅक्टर ऑफ सेफ्टी’ लिहायचो, इथे तो शून्य आहे.

आता पुन्हा नीट बघा. जीव दोघांचा टांगणीला नाहीये. बाण एकाच्याच छातीवर आहे आणि तो सोडण्याची ताकद दुसऱ्याच्या बोटांत. पुढे मरिनाने म्हटलं की नेपल्सचं पिस्तूल आणि हे धनुष्य, ही तिची सगळ्यात अवघड कामं, कारण दोन्ही वेळा सूत्रं तिच्या हातात नव्हती. मग ‘रेस्ट एनर्जी’ कुणाचं? जिने छाती पुढे केली तिचं की ज्याने बोटं सोडली नाहीत त्याचं? एकाला काढून हे काम शिल्लकच राहत नाही. पस्तीस वर्षांनी ॲमस्टरडॅमच्या कोर्टासमोर जे आलं ते घुमवून-फिरवून हेच होतं.

बिनसलं कुठे?

1980 नंतर दोघं ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात तिथल्या आदिवासींबरोबर काही महिने राहिले. त्याच काळात भारतात, बोधगयेत येऊन ध्यानाला बसले. आदळआपट संपली आणि कामात शांतता आली. लांब टेबलाच्या दोन टोकांना दोन खुर्च्या, दोघं समोरासमोर, सात-सात तास, न हलता, न बोलता. हे त्यांनी 1981 ते 1987 या काळात जगातल्या वेगवेगळ्या शहरांत मिळून 90 दिवस केलं.

इगतपुरीला विपश्यनेचे दहा दिवस काढून आलेल्या कुणालाही विचारा, तासभर न हलता बसलं की गुडघे काय बोलतात ते. उलाय हाडकुळा होता, त्याचं वजन उतरत गेलं. एकदा वेदना सहन न होऊन तो मध्येच उठला. मरिना बसून राहिली. समोर रिकामी खुर्ची आणि ही आपली बसलेलीच. त्याचं म्हणणं, मी उठलो तर तूही उठायला हवं होतंस, काम दोघांचं आहे. तिचं म्हणणं, एकाची मर्यादा आली म्हणून दुसऱ्याने का थांबावं?

मला विचाराल तर ही जोडी इथेच तुटली. बाकीची कारणंही होती. दोघांचीही बाहेर प्रकरणं झाली, पैशांवरून वाद झाले. तिला मोठे हॉल आणि मोठी नावं हवी होती, त्याला लोकांच्या गराड्याचा कंटाळा होता. पण ‘मी थांबलो तर तूही थांब’ आणि ‘मी थांबणार नाही’ हे भांडण कामातलं होतं आणि ते मिटण्यासारखं नव्हतं.

आणि आता 2010चा व्हिडिओ आठवा. टेबल, दोन खुर्च्या, न बोलता बसलेली मरिना. ‘मोमा’मधला तो परफॉर्मन्स म्हणजे त्या 90 दिवसांच्या कामाचाच पुढचा अवतार होता. समोरच्या खुर्चीवर आता जगातलं कुणीही बसू शकत होतं, एवढाच बदल. उलाय त्या संध्याकाळी प्रेक्षक म्हणून आला खरा, पण बसला तो स्वतःच्या जुन्या जागेवर.

चीनच्या भिंतीचं काय?

मूळ बेत लग्नाचा होता. भिंतीच्या दोन टोकांकडून दोघांनी चालत निघायचं, मध्ये भेटायचं आणि तिथे लग्न करायचं. चीन सरकारची परवानगी मिळेपर्यंत कित्येक वर्षं गेली. कागद हातात आले तोवर नातं संपलेलं. पण इतकी खटपट करून मिळालेली परवानगी वाया कशी घालवायची? लग्नाऐवजी निरोप घ्यायचं ठरलं.

30 मार्च 1988 रोजी मरिना पूर्वेकडून, समुद्राच्या टोकाकडून निघाली. उलाय पश्चिमेकडून, गोबीच्या वाळवंटाकडून. 90 दिवस, प्रत्येकी किमान दोन हजार किलोमीटर. पडझड झालेले भाग, डोंगर, मुक्कामाला खेडी आणि कायम सोबत सरकारी माणसं. 27 जूनला शान्शी प्रांतात दोघं भेटले. मरिना लिहिते की उलाय त्या जागी तीन दिवस आधीच येऊन थांबला होता, कारण फोटोसाठी जागा छान होती. तिला त्याचा प्रचंड राग आला. थांबायचं नाही, जिथे गाठ पडेल तिथे भेटायचं असं ठरलं होतं ना? तीन महिने चालून, कायमचा निरोप घ्यायच्या क्षणीही भांडण नियमांवरून. उलायच्या चिनी दुभाषीला त्याच्यापासून दिवस गेले होते, हेही त्याच सुमारास तिला समजलं. त्याने पुढे तिच्याशी लग्न केलं.

रीलमध्ये इथे पियानो सुरू होतो आणि थेट 2010 उजाडतं. मधली बावीस वर्षं गायब.

त्या बावीस वर्षांत काय झालं?

मरिना मोठी होत गेली. 1997 मध्ये व्हेनिस बिएनालेचा गोल्डन लायन हा सर्वोच्च सन्मान तिला मिळाला. उलाय फोटोग्राफीकडे परतला आणि बातम्यांतून दिसेनासा झाला. पण बारा वर्षांच्या कामाचे फोटो, निगेटिव्ह, फिल्म असं सगळं त्याच्या ताब्यात होतं. परफॉर्मन्स संपला की हातात काहीच उरत नाही. उरतात ते फोटो आणि फिल्म, म्युझियम विकत घेतात तेही तेच.

1999 मध्ये दोघांत करार झाला. म्हणजे ‘कधीच भेटले नाहीत’ हा दावा इथेच निकालात निघतो. उलायने हा सगळा संग्रह मरिनाला विकला. प्रदर्शनं आणि विक्री ती बघणार. दोघांच्या कामाची विक्री झाली की निव्वळ रकमेचे 20 टक्के उलायला मिळणार.

सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. दोघांनी मिळून लिहिलेला कोड एकाच्या खात्यात जातो आणि दुसऱ्याने विश्वास ठेवायचा की हिशेब वेळेवर येईल.

कोर्टात काय झालं?

2011 मध्ये उलायला कॅन्सर झाल्याचं निदान झालं. त्यावरही डॉक्युमेंटरी झाली. 2015 मध्ये त्याने मरिनाविरुद्ध ॲमस्टरडॅममध्ये दावा लावला. त्याचं म्हणणं होतं की करारानुसार पैसे आले नाहीत, हिशेब नीट दिला गेला नाही आणि दोघांच्या कामाखाली कित्येकदा फक्त तिचं नाव छापलं गेलं. मरिनाच्या वकिलांनी आरोप फेटाळले.

सप्टेंबर 2016 मध्ये निकाल उलायच्या बाजूने लागला. मरिनाने त्याला अडीच लाख युरोंहून अधिक रक्कम द्यावी, असा आदेश झाला. त्या वेळच्या दराने हे पावणेदोन कोटी रुपयांच्या पुढे जातं. शिवाय कोर्टाचा खर्च.

पण निकालातला दुसरा भाग मला पैशांपेक्षा मोठा वाटतो. नावं कशी लिहायची हेही कोर्टाने ठरवून दिलं. 1976 ते 1980 मधल्या कामांखाली ‘उलाय/अब्रामोविच’. 1981 ते 1988 मधल्या कामांखाली ‘अब्रामोविच/उलाय’. ज्यांनी श्वाससुद्धा वाटून घेतला त्यांच्यात तिरपी रेघ कुठे मारायची आणि कुणाला आधी लिहायचं, हे न्यायाधीशांना सांगावं लागलं.

मग शेवट भांडणातच झाला का?

नाही. आणि हा भाग भारतात घडला. खटला हरल्यावर मरिना प्रचंड चिडली होती. राग उतरवायला ती भारतातल्या एका निवासी शिबिरात आली. पोचते तर तिथे आधीच उलाय आणि त्याची पत्नी हजर. हे तिनेच मुलाखतीत सांगितलं आहे. पृथ्वीवर इतक्या जागा असताना दोघांनी एकच जागा, एकाच वेळी निवडली. निघून जाण्याऐवजी ती राहिली. दोघं रोज एकत्र ध्यानाला बसले आणि समेट झाला. पुन्हा तेच, शेजारी बसायचं आणि बोलायचं नाही. बोलले की भांडायचे, हे दोघांनाही तोवर पुरतं कळलेलं असणार.

त्यानंतर 2017 मध्ये दोघं डेन्मार्कच्या लुइझियाना म्युझियमसाठी कॅमेऱ्यासमोर एकत्र बसून बोलले. ती मुलाखत बघा. दोन म्हातारी माणसं एकमेकांना मध्येच तोडतात, हसतात. मला ‘मोमा’च्या व्हिडिओपेक्षा ती जास्त आवडते, पण तिला पियानो लावता येत नाही म्हणून बहुधा ती व्हायरल होत नाही.

2 मार्च 2020 रोजी स्लोव्हेनियातल्या ल्युब्लियाना इथे उलाय गेला. वय 76. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ॲमस्टरडॅमच्या स्टेडेलिक म्युझियममध्ये त्याच्या कामाचं तोवरचं सगळ्यात मोठं प्रदर्शन उघडलं. 2023 मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमीत मरिनाचं प्रदर्शन झालं. तिथल्या मुख्य दालनांत एकल प्रदर्शन होणारी ती पहिली स्त्री कलाकार. बोलोन्यातलं ते अरुंद दार तिथे पुन्हा उभं केलं होतं आणि त्यात दोन तरुण कलाकार आळीपाळीने उभे राहत होते.

ते काम 1977चं. म्हणजे निकालानुसार त्याखाली आधी नाव येतं ते उलायचं. रीलच्या कॅप्शनमध्ये मात्र तो अजूनही बहुतेक वेळा ‘तिचा जुना प्रियकर’ एवढाच असतो.